टेपअण्णा

ज्या संस्थेत रोज रात्री काहीतरी जपून ठेवावं लागतं, तिथं एक टेपअण्णा असतोच. सहकारी बँकेत असतो, साखर कारखान्यात असतो, विद्यापीठाच्या परीक्षा विभागात तर दोन असतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नसतं. नोकरीला लागताना तो साधा क्लार्क असतो. पुढं संस्थेत कॉम्प्युटर येतात, साहेब सगळ्यांना हॉलमध्ये जमवून विचारतात, "यातलं कुणाला काही कळतं का?" आणि त्या शांततेत ज्याची खुर्ची करकरते त्याची ईडीपी विभागात बदली होते. तिथून तो निवृत्त होईपर्यंत बाहेर येत नाही.

सांगलीच्या मे महिन्यात स्वेटर घालून ऑफिसला येणारा माणूस दिसला तर ओळखावं, हा तोच. सर्व्हर रूममधला एसी मशीनसाठी असतो, माणसाचा विचार त्यात धरलेला नसतो. आमच्या बँकेतले अण्णा बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालत. आत बुशशर्ट, त्याच्या खिशात टेस्टर, एक छोटी डायरी आणि संपलेल्या बॉलपेनची रिकामी रिफिल. रिफिल कशाला, ते पुढं येईलच.

अण्णांचं रोजचं काम एवढंच की संध्याकाळी दिवस बंद झाला की दिवसभराचे सगळे व्यवहार टेपवर उतरवायचे. टेप म्हणजे तळहातावर मावेल असा चौकोनी डबा. आत अर्धा इंच रुंद आणि ६०९ मीटर लांब पट्टी. या जातीला एलटीओ-२ म्हणत आणि तिच्यात २०० जीबी मावत. डब्यावर मात्र ठळक अक्षरांत ४०० छापलेलं असे, कारण माहिती दाबून भरली तर दुप्पट बसते असा कंपनीचा दावा. अण्णा म्हणत, "४०० हे कंपनीचं मत आहे." आमच्या बँकेचा सगळा पसारा त्या पट्टीच्या एका कोपऱ्यात मावत होता. तरी अण्णांना मोकळ्या जागेचा हिशेब लागे.

टेपा फिरवण्याची एक जुनी जागतिक पद्धत आहे. रोजच्या टेपा म्हणजे मुलगे, आठवड्याची म्हणजे बाप आणि महिनाअखेरीची म्हणजे आजोबा. मुलगे पुढच्या आठवड्यात पुसून परत वापरायचे, बाप महिनाभर ठेवायचे, आजोबांना हात लावायचा नाही. इंग्रजी पुस्तकांत हीच नावं आहेत. अण्णांनी फक्त ती मराठीत लेबलांवर लिहिली आणि मनावर घेतली. २००५ च्या पुरात कृष्णा आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून बरीच वर गेली, तेव्हापासून आजोबांचा मुक्काम मिरज शाखेत हलवला होता. दर एक तारखेला अण्णा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत टेप घालून उठायचे आणि जाहीर करायचे, "आजोबांना मिरजेला सोडून येतो." नव्याने लागलेल्या एका मुलीनं सहानुभूतीनं विचारलं होतं, "घरी कुणी बघणारं नाही का त्यांना?" अण्णा म्हणाले, "घरी ऊन लागतं."

हे त्यांनी विनोद म्हणून सांगितलं नव्हतं. जनरल मॅनेजर साहेबांनी एकदा सुचवलं की आपली तिजोरी अग्निरोधक आहे, टेपा तिच्यातच ठेवा, मिरजेचं रिक्षाभाडं वाचेल. अण्णांनी त्यांना उभ्या उभ्या ऐकवलं की अग्निरोधक तिजोरी कागदासाठी असते. बाहेर आग लागली तर ती आतलं तापमान १७७ अंशांच्या आत राखते, तेवढ्यात कागद पेटत नाही. टेप ५२ अंशांच्या पुढे कामातून जाते. "कर्जरोखे वाचतील साहेब, आजोबा जातील." साहेबांनी रिक्षाभाडं मंजूर केलं. कर्जरोखे वाचतील एवढंच त्यांनी ऐकलं असावं, असा माझा अंदाज आहे.

पण टेपअण्णाचा खरा स्वभाव टेप चालू असताना कळत नाही. ती बंद पडली की कळतो.

सर्व्हरला टेप ड्राइव्ह दिसेनाशी होणं हा प्रकार त्या काळी सर्रास व्हायचा. ड्राइव्ह टेबलावर ढळढळीत बसलेली असायची, हिरवा दिवा लागलेला असायचा, आतला पंखा घरघरत असायचा आणि सर्व्हर म्हणायचा, अशी कुणी माझ्या माहितीत नाही. अशा वेळी माणसांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, "ड्राइव्ह गेली." दुसरा म्हणतो, "रीस्टार्ट करा." कंपनीच्या फोनवरची मुलगी दुसऱ्या गटातली होती आणि हेच हिंदीतून सांगायची. अण्णा तिसऱ्या गटात होते. त्या गटात ते एकटेच होते.

त्यांच्या संशयाचा एक क्रम ठरलेला होता. पहिला संशय माणसावर: कुणीतरी काहीतरी हलवलंय. दुसरा विजेवर. तिसरा केबलवर, चौथा नंबरावर, पाचवा टर्मिनेटरवर, सहावा ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रामवर. ड्राइव्हवर संशय सगळ्यात शेवटी, तोही दिलगिरीच्या सुरात. बाकीचे जिथून सुरुवात करायचे तिथं अण्णा सहसा पोचायचेच नाहीत, कारण वाटेतच काहीतरी सापडायचं.

नंबराचं प्रकरण ते नव्या माणसाला आवडीनं समजावून सांगत. "सर्व्हर सुरू होताना मास्तरासारखी हजेरी घेतो. शून्य ते पंधरा नंबर पुकारतो. सात नंबर कार्डाचा स्वतःचा. आपली ड्राइव्ह तीन नंबर. हजेरीच्या वेळी जो वर्गात नाही तो दिवसभर गैरहजर, मग मागून येऊन कितीही हात वर कर." म्हणून ड्राइव्ह आधी चालू करायची, सर्व्हर नंतर. हा नियम अण्णांनी पाटीवर लिहून सर्व्हर रूमच्या दारावर लावला होता. ज्याला ड्राइव्ह म्हणजे काय हे माहीत नव्हतं असा आमचा शिपाईसुद्धा घरी टीव्ही लावताना आधी डिशचा डबा चालू करायचा.

केबल तपासायची वेळ आली की अण्णा माझ्याकडे यायचे. मी क्लिअरिंगला होतो. चेकवरच्या सह्या पडताळायला मला बँकेनं एक भिंग दिलं होतं. ते भिंग महिन्यातले निम्मे दिवस अण्णांकडे असायचं आणि त्या काळात मी सह्या कशा पडताळल्या हे विचारू नये. केबलच्या टोकाला अडुसष्ट पिना असतात, केसाएवढ्या. त्यातली एक जरी वाकली तरी ड्राइव्ह नाहीशी होते. अण्णा भिंगातून एकेक पीन मोजायचे. वाकलेली सापडली की ती रिकामी रिफिल तिच्यावर अलगद बसवून सरळ करायचे. हे चालू असताना कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा चेअरमन बोलले, तेव्हा अण्णांनी परत एकपासून सुरुवात केली.

आणि सगळ्यावर त्यांचा एक दंडक होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल बदलली तर कार्डाला हात लावायचा नाही. कार्ड हलवलं तर ड्रायव्हर तोच ठेवायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र चालू झालं, तर कशामुळे झालं हे देवालाही सांगता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसापुरतं हे ठीक होतं. अण्णा ते घरी घेऊन जात. आमटी बिघडली असं वाटलं तर वहिनींना सांगायचे, "उद्या फक्त गूळ कमी कर. चिंच आहे तेवढीच." परवा फक्त चिंच. आमटी जमेपर्यंत आठवडा जायचा आणि तोवर भाजी बदललेली असायची, त्यामुळे प्रयोग परत पहिल्यापासून. एकदा ताप आला तेव्हा डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्या. अण्णांनी पहिल्या दिवशी एकच घेतली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. पण अण्णा समाधानी नव्हते. गोळीनं उतरला की आपोआप, हे कसं ठरवणार? डॉक्टरांनी त्यानंतर त्यांना इंजेक्शनच द्यायला सुरुवात केली.

तर, बँकेत तपासणी यायची होती. तपासणी आली की बँक आधी भिंती रंगवते. एका रविवारी सर्व्हर रूममध्ये चुना मारला. अण्णांनी स्वतः उभं राहून सगळं बंद केलं, केबली काढल्या, पेटीत घातल्या आणि वहिनींच्या भाचीच्या लग्नाला गेले. ते एकमेव लग्न ज्याचं नाव अण्णांपुढं आजही काढायचं नाही. सामान परत लावायचं काम शिपायानं केलं, दारावरची पाटी वाचून, आधी ड्राइव्ह आणि मग सर्व्हर. सोमवारी ड्राइव्ह गायब.

अण्णांचा सोमवार पहिल्या संशयात गेला. त्यांनी शिपायाचा, रंगाऱ्याचा आणि झाडणाऱ्या मावशींचा जबाब घेतला. तिघांचंही म्हणणं एकच होतं: सगळं जिथल्या तिथं ठेवलं. मंगळवारी वीज, केबल, नंबर. भिंग माझ्याकडून गेलं, अडुसष्टच्या अडुसष्ट पिना सरळ निघाल्या. टर्मिनेटर जागेवर होता. ड्रायव्हर काढून परत घातला. संध्याकाळी अण्णा बाहेर येऊन बाकावर बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की संशय आता ड्राइव्हपाशी पोचला आहे. त्यांनी चहा घेतला नाही.

बुधवारी साहेबांचा धीर सुटला आणि त्यांनी कंपनीला फोन लावला. दुपारच्या गाडीनं पुण्याहून एक इंजिनिअर आला. तरतरीत पोरगा, पाठीवर सॅक. त्यानं नवं कार्ड घातलं, नवी केबल लावली, तिच्याबरोबर आलेला नवा टर्मिनेटर बसवला, सीडीतून नवा ड्रायव्हर टाकला आणि सर्व्हर सुरू केला. तीन नंबरसमोर ड्राइव्हचं नाव आलं. अर्धा तास लागला असेल. साहेबांनी टाळी वाजवली. पोरानं सहीसाठी कागद पुढं केला. त्यावर 'दोष' या रकान्यात लिहिलं होतं: दूर केला.

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "पण होता काय?"

"काका, आता चालू आहे ना."

"चालू आहे ते दिसतंय की. बंद का होती?"

पोरगा म्हणाला, कार्ड असेल, केबल असेल, काहीही असू शकतं. 'काहीही' हा शब्द त्यानं वापरायला नको होता. अण्णांनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या, म्हणजे सारल्यासारखं केलं, कारण स्वेटरला बाह्या नव्हत्या. मग ते साहेबांकडे गेले आणि म्हणाले, शाखांचा दिवस बंद झाला की ड्राइव्ह परत बंद पाडायची आहे.

"अण्णा, अहो चालू आहे. कशाला बंद पाडताय?"

"चालू आहे म्हणूनच साहेब. बंद असताना काय कळणार?"

यावर साहेबांना काही सुचलं नाही. मॅनेजमेंटच्या पुस्तकांत यावर काही नसावं. पोराची शेवटची गाडी चुकली, कारण त्याची सही घेतल्याशिवाय, खरं तर त्याला सही दिल्याशिवाय, अण्णा सोडेनात.

रात्री आठला सुरुवात झाली. मी थांबलो होतो, भिंगासाठी. अण्णांनी डायरीत एक रेघ मारली आणि चार ओळी लिहिल्या: ड्रायव्हर, कार्ड, केबल, टर्मिनेटर. एकेक नवी वस्तू काढून जुनी परत घालायची आणि हजेरी बघायची. त्या काळचा सर्व्हर सुरू व्हायला वेळ घ्यायचा. आधी मेमरी मोजायचा, मग आतल्या डिस्का, मग कुठं कार्डाची पाळी यायची. त्या क्षणी कंट्रोल आणि ए ही बटणं एकदम दाबली की कार्डाचा स्वतःचा पडदा उघडायचा आणि सोळा नंबरांची यादी दिसायची. क्षण चुकला की पुन्हा मेमरीपासून. पोराला तो क्षण दोनदा चुकला. अण्णांना एकदाही नाही, आणि ते स्क्रीनकडे बघतही नव्हते. डिस्कांचा आवाज थांबला की बोटं ठेवत.

जुना ड्रायव्हर: ड्राइव्ह दिसते. अण्णांनी बरोबरची खूण केली. जुनं कार्ड: पेटी उघडा, स्क्रू काढा, कार्ड बसवा, पेटी लावा. दिसते. पोरगा म्हणाला, "बघा काका, आपोआपच ठीक झालं असेल." अण्णा काहीच बोलले नाहीत, पण त्याच्या चहात साखर कमी टाकायला सांगितली असावी, कारण पोरानं पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं. जुनी केबल: दिसते. एव्हाना अकरा वाजून गेले होते. राहिला टर्मिनेटर.

टर्मिनेटर ही फार साधी वस्तू आहे. ड्राइव्हच्या मागं दोन तोंडं असतात. एकात केबल येते, दुसऱ्यात हा बसतो. त्याच्यापुढं काहीच जोडलेलं नसतं. तारेच्या टोकाला पोचलेला सिग्नल आपटून मागं फिरू नये म्हणून त्याला तिथंच जिरवायचा, एवढंच त्याचं काम. अण्णांनी नवा काढून जुना लावला. मेमरी, डिस्का, कंट्रोल, ए. तीन नंबरसमोर रिकामं.

अण्णांनी जुना काढला, नवा लावला: दिसते. परत जुना: नाही. परत नवा. पोरगा आता सॅक खाली ठेवून गुडघ्यांवर बसला होता. मी भिंग पुढं केलं, न मागता. अण्णांनी जुना टर्मिनेटर दिव्याखाली धरून लेबल वाचलं आणि खाली बसले. तो आमचा नव्हताच. म्हणजे बँकेचाच होता, पण या ड्राइव्हचा नव्हता. पूर्वीच्या युनिक्स मशीनच्या डीएलटी ड्राइव्हचा होता, जुन्या, जास्त व्होल्टच्या पद्धतीचा. बाहेरून तंतोतंत तसाच, अडुसष्ट पिनांचा. फरक फक्त लेबलावरच्या नखाएवढ्या चिन्हात. त्या दोन पद्धतींचं एका तारेवर जमत नाही. सगळी तारच मुकी होते.

"मंगळवारी मी टर्मिनेटर आहे का बघितलं," अण्णा सावकाश म्हणाले. "कुठला आहे ते नाही बघितलं." आणि त्यांनी डायरीत, तारखेसह, स्वतःविरुद्ध नोंद केली. पोराच्या कागदावरचं 'दूर केला' खोडून तिथं त्यांनी सात ओळी लिहिल्या. रकाना पुरला नाही. उरलेलं मागच्या बाजूला लिहिलं आणि सही केली. पोरगा त्या रात्री बँकेच्याच बाकावर झोपला. नंतर बरीच वर्षं तो कुठून कुठून फोन करायचा, "अण्णा, इथं दिसत नाहीये," आणि अण्णा जेवण सोडून त्याला म्हणायचे, "आधी सांग, काय काय बदललंस?"

खरा टर्मिनेटर गुरुवारी सापडला. कर्ज विभागातल्या बाईंच्या टेबलावर, पंख्याखाली, वाहन कर्जाच्या अर्जांवर वजन म्हणून. बाईंना तो मावशींनी दिला होता. मावशींना तो चुना मारताना जमिनीवर मिळाला होता. शिपायाला ड्राइव्हच्या मागचं भोक रिकामं दिसलं, त्यानं कपाटातला तसाच दुसरा आणून लावला. तिघांचेही जबाब अक्षरशः खरे होते. अण्णा कुणावर रागावले नाहीत. बाईंना त्यांनी त्या वस्तूच्या बदल्यात एक काचेचं पेपरवेट आणून दिलं, आणि तिजोरीच्या पाकिटांना लावतात ती लाख वितळवून टर्मिनेटरवर बँकेची मोहोर उमटवली. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलं, हे सील कशासाठी? साहेब म्हणाले, सुरक्षेसाठी. अहवालात सुरक्षेबद्दल चांगला शेरा आला.

पुढं काळ बदलला. डिस्क स्वस्त झाली, बँकेचा डेटा दूरच्या डेटा सेंटरला गेला, आणि टेप म्हणजे म्हाताऱ्यांचा खेळ असं नवी पोरं म्हणू लागली. २०११ च्या फेब्रुवारीअखेर जीमेलच्या काही खात्यांमधली सगळी पत्रं एका रात्रीत नाहीशी झाली. सॉफ्टवेअरमधल्या चुकीनं डेटा सेंटरमधल्या प्रतीसुद्धा गेल्या होत्या. गूगलनं ती पत्रं परत आणली टेपवरून. वापरणाऱ्यांपैकी ०.०२ टक्के लोकांनाच झळ बसली, पण अण्णांना तेवढी पुरेशी होती. वर्तमानपत्रातलं कात्रण घेऊन ते केबिन-केबिन फिरले. कॅन्टीनच्या पोरालाही दाखवलं.

ते निवृत्त झाले तेव्हा ड्राइव्ह भंगारात निघाली. लिलावाला बोली लावणारा माणूस एकच होता. वहिनींनी तिला माळ्यावर जागा दिली, इतर कुठं ठेवायची नाही या अटीवर.

मध्यंतरी एका जुन्या कर्जखात्याचा वाद कोर्टात उभा राहिला आणि २००६ च्या मार्चअखेरीचा उतारा हवा झाला. मिरजेला आजोबा सुखरूप होते. आयटीच्या नव्या प्रमुखानं ती टेप बँकेच्या नव्या एलटीओ-६ ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्हनं ती बाहेर काढून दिली. पुन्हा घातली, पुन्हा बाहेर. या ड्राइव्हला आपल्या मागच्या दोनच पिढ्या वाचता येतात. सहाव्या पिढीला चौथी कळते, दुसरी नाही. अण्णांना गाडी पाठवली.

अण्णा रिक्षातून आले. गाडीत सामान मावलं नव्हतं. जुना कॉम्प्युटर, कारण असलं कार्ड नव्या मशीनमध्ये बसतच नाही, कार्ड, केबल, ड्राइव्ह आणि लाखेसकट टर्मिनेटर. स्वेटर होताच. आयटीची पोरं गोल करून उभी राहिली. अण्णांनी आधी ड्राइव्ह चालू केली, हिरवा दिवा लागला, मग कॉम्प्युटर. डिस्कांचा आवाज थांबला, बोटं पडली, यादी उघडली. तीन नंबरसमोर काहीच नव्हतं.

नवा प्रमुख घाईनं म्हणाला, "सर, स्टोअरमध्ये अजून एक जुनी केबल आहे, आणि बहुतेक कार्डपण. दोन्ही घेऊन येऊ?"

अण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग खिशातून डायरी काढली, रेघ मारली, माझ्याकडे हात पुढं केला. मीही निवृत्तच होतो, पण भिंग बरोबर आणलं होतं. एवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. सूनबाई होती, जेवायला कधी येताय, काम झालं का, विचारत होती.

"नाही गं, उशीर होईल," अण्णा म्हणाले. इतका खुललेला आवाज मी त्यांच्या निवृत्तीनंतर पहिल्यांदा ऐकत होतो. "तुम्ही जेवून घ्या. इकडं एकदम झकास चाललंय. दिसत नाहीये."